‘तसोच आसा’ की ‘आधी असो नव्हतो’?

फाईल उघडावी तर पहिल्या चिठ्ठीवर डिप्रेशन, दुसरीवर बीपीडी, तिसरीवर कॉम्प्लेक्स पीटीएसडी, आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, प्रश्नचिन्हासकट, ऑटिझम. माणूस तोच, घर तेच. घरचे म्हणतात, डॉक्टरांनाच काही कळत नाही. बहुतेक वेळा तसं नसतं. प्रत्येक डॉक्टरने त्या दिवशी समोर जे दिसलं ते बरोबरच टिपलेलं असतं. गोची अशी की आघातातून आलेला विकार (पीटीएसडी, कॉम्प्लेक्स पीटीएसडी), बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (बीपीडी) आणि ऑटिझम या तिघांचं वरून दिसणारं रूप इतकं सारखं असतं की पंधरा मिनिटांच्या ओपीडीत ते वेगळं काढताच येत नाही. रागाचा भडका, माणसं टाळणं, नजर न देणं, आवाजाने दचकणं, स्वतःला इजा करणं, झोपेचं खोबरं, ‘मी नक्की कोण’ हा प्रश्न, मैत्री न टिकणं. ही यादी तिघांनाही लागू पडते. रक्तात किंवा एमआरआयमध्ये यातलं काही दिसत नाही. थायरॉइड, बी-१२, फिट्स, आणि मूल लहान असेल तर कानांची बेरा चाचणी, हे सगळं करायचं ते दुसरं काही नाही ना एवढं बघण्यासाठी.

मग वेगळं काढायचं कशावरून? सिंधुदुर्गातली आजी हे एका वाक्यात सांगून जाते आणि ते कोणी लिहून घेत नाही. ‘तो तसोच आसा, ल्हानपणापासून.’ किंवा ‘आधी असो नव्हतो.’ पहिलं वाक्य ऑटिझमकडे नेतं, दुसरं आघाताकडे. लक्षणांची यादी बाजूला ठेवून आधी हे वाक्य नीट खणलं, तर अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं बरंच किचकट आहे.

हा गुंता आजकालचा नाही. ग्रुन्या सुखारेवा या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी मॉस्कोत सहा मुलगे तपासून १९२५ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. आज ते वाचलं तर सरळसरळ ऑटिझम दिसतो. पण त्यांनी नाव दिलं होतं ‘शिझॉइड सायकोपॅथी’, आणि त्या काळात सायकोपॅथी म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा विकार. १९४४ मध्ये हान्स आस्पर्गर यांनीही ‘ऑटिस्टिक सायकोपॅथी’ असाच शब्द वापरला. म्हणजे ऑटिझम सुरुवातीला व्यक्तिमत्त्व विकारांच्याच कपाटात होता. पुढे १९८० मध्ये डीएसएम-३ मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मनोविकार-निदानाच्या पुस्तकात, पीटीएसडी, बॉर्डरलाइन आणि बालपणातला ऑटिझम हे तिन्ही एकाच आवृत्तीत स्वतंत्र निदान म्हणून आले, आणि तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बालमनोविकाराचे डॉक्टर ऑटिझम बघू लागले, मोठ्यांचे बॉर्डरलाइन. मोठ्या माणसाचा ऑटिझम कोणाच्याच वाट्याला आला नाही. १९९२ मध्ये मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी कॉम्प्लेक्स पीटीएसडीची कल्पना मांडली, तीच मुळी या तक्रारीतून की वर्षानुवर्षं अत्याचार सोसलेल्या बायकांवर व्यक्तिमत्त्व विकाराचा शिक्का मारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून, ते अधिकृत निदान झालं. डीएसएममध्ये ते आजही नाही. म्हणून एक डॉक्टर ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ लिहितो आणि दुसरा ‘असं काही नसतं’ म्हणतो, तेव्हा दोघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बोलत असतात.

आयसीडी-११ ची एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण इंस्टाग्रामवर नेमकी तीच गाळली जाते. कॉम्प्लेक्स पीटीएसडीला सहा गोष्टी लागतात. पहिल्या तीन साध्या पीटीएसडीच्या: घटना आत्ता पुन्हा घडतेय असा अनुभव, तिची आठवण करून देणारं सगळं टाळणं, आणि धोका अजून टळलेला नाही अशी सततची जागरूकता. पुढच्या तीन: भावना आवरता न येणं, ‘मी कवडीमोल’ ही पक्की भावना, आणि नाती जुळवणं-टिकवणं जड जाणं. दुसऱ्या तीन गोष्टी बॉर्डरलाइनमध्ये दिसतात, बऱ्याच ऑटिस्टिक माणसांतही दिसतात. म्हणून पहिल्या तीन नसतील तर ते कॉम्प्लेक्स पीटीएसडी नव्हे, बालपण कितीही खडतर गेलेलं असो. आणि ‘पुन्हा घडतेय’ म्हणजे फक्त आठवण येणं नाही. २२ जुलै २०२१ चा पूर चिपळुणात ज्यांनी माळ्यावर बसून काढला, त्यातल्या कोणाला रात्री पावसाचा जोर वाढला की जिन्याच्या खालच्या पायरीवर पाणी चढताना दिसतं, नाकात चिखलाचा वास भरतो, आणि त्या मिनिटाला आपण २०२१ मध्ये नाही हे कळत नाही. हा पुनरानुभव. काल आत्याशी झालेलं बोलणं डोक्यात चाळीस वेळा घोळवणं, ‘मी असं बोललो म्हणून ती तसं म्हणाली असेल का’, हा नाही. दुसरा प्रकार ऑटिस्टिक माणसांत खूप असतो आणि ‘सतत आठवणी येतात’ या एका ओळीखाली पीटीएसडीत जमा होतो.

आता एक प्रसंग जवळून बघू. चतुर्थीचा दुसरा दिवस. चाकरमानी आलेत, घरात बावीस माणसं, पडवीत चटया. संध्याकाळची आरती, ढोलकी, झांजा, कापराचा धूर, माजघरात हवा कोंडलेली. चोवीस वर्षांची मुलगी आरती अर्ध्यावर असताना उठते, वाटेतल्या काकीला ढकलते, मागच्या खोलीत जाऊन कडी लावते. आतून भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज येतो. मग दोन तास काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांबरोबर घावन-घाटल्याच्या तयारीला बसते, जणू काही झालंच नाही.

घरचे ‘तमाशा’ म्हणणार. चिठ्ठीवर ‘अँगर आउटबर्स्ट’ येणार. दोन्हींतून काहीच कळत नाही. विचारायचं ते आधीच्या दहा मिनिटांबद्दल, आधीच्या दोन दिवसांबद्दल, आणि ते शमलं कशाने याबद्दल.

समजा कळलं की तिची खाट आत्याला दिली होती, दोन रात्री झोप नाही, न्हाणीघराची तिची ठरलेली वेळ गेली, काल सकाळपासून ती एकेका शब्दातच बोलत होती आणि दुपारी कानांवर हात ठेवून विहिरीकडे जाऊन बसली होती. कोणाशी भांडण नाही. झांज हा फक्त शेवटचा थेंब. खोलीत अंधार आणि शांतता मिळाल्यावर ती हळूहळू सावरली, आणि मधेच आई आत जाऊन पाठीवरून हात फिरवू लागली तेव्हा पुन्हा बिघडलं. हे ऑटिस्टिक मेल्टडाउन (ताण असह्य होऊन सुटलेला ताबा) आणि त्यामागून आलेला शटडाउन (गप्प होऊन आत मिटणं). डोकं आपटणं इथे कोणाला दाखवण्यासाठी नसतं. अंगभर झालेल्या गोंधळात एक जोरदार, ओळखीची संवेदना मिळवण्यासाठी असतं.

समजा त्याऐवजी असं कळलं की आरतीच्या आधी तीन तास तिने एका माणसाला मेसेज केला होता, निळी खूण आली, उत्तर आलं नाही. आरती चालू असताना त्याचं स्टेटस दिसलं, मित्रांबरोबरचं. ‘त्याने मला टाकलं’ हे एका क्षणात पक्कं झालं. काल तो देव होता, आज तो राक्षस. झांजांशी काही संबंध नाही. कोणी जवळ येऊन बसलं तर उतार पडतो, एकटं ठेवलं तर वाढतं. आणि रात्री फोन आला की अर्ध्या तासात चेहरा पालटतो. हे बॉर्डरलाइनच्या अंगाने जाणारं आहे. ही भीती शंभर टक्के खरी असते. तिला नाटक म्हणणारे नातेवाईक आणि तिला नाटक म्हणणारे डॉक्टर दोघंही चुकतात.

तिसरी शक्यता. मुंबईहून आलेल्यांत एक काका होता. तो आरतीत तिच्या मागे उभा राहिला आणि पुढे सरकण्यासाठी त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती पहिल्यापासून दरवाज्याशी उभी होती, दरवर्षी तिथेच उभी राहते. दोन तासांत काय झालं ते तिला आठवतच नाही, ‘मी छताला टेकून वरून बघत होते’ असं काहीतरी सांगते. नंतर राग कमी आणि लाज जास्त. पुढच्या वर्षी चतुर्थीला ती रजा नाही म्हणून सांगते. आजवर सगळ्यांनी विचारलं, काकीला का ढकललंस. खांद्यावर हात कोणाचा होता, हे कोणी विचारलं नाही.

एका प्रसंगावरून निदान करायचं नाही. असे पाच-सहा प्रसंग, निरनिराळ्या ठिकाणचे, अशाच बारकाईने लिहून काढले तर नक्षी दिसू लागते. आणि कधी कधी नक्षीत तिन्ही रंग असतात. तिची खाट आत्याऐवजी त्या काकालाच दिलेली असू शकते.

याच वेळी घरात कोणीतरी म्हणणार, बाहेरचं काहीतरी आहे, गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाणं घालावं, त्याने कोणाचं वाईट होत नाही. पण एक फरक डॉक्टरांनीही लक्षात ठेवावा. देवळात तरंग (देवाची काठी) धरलेल्याला ठरलेल्या वेळी अवसर येतो, म्हणजे देव अंगात येतो, लोक त्याला प्रश्न विचारतात, नंतर तो माणूस घरी जाऊन जेवतो. समाजाने मान्य केलेल्या या अवस्थेला आयसीडी-११ विकार मानत नाही. अवेळी येणारं, नको असताना येणारं, कामधंदा बिघडवणारं ते विकारात येतं. आणि आघातातलं ‘भान सुटणं’ आणि ऑटिस्टिक शटडाउन बाहेरून अगदी सारखे दिसतात: माणूस गप्प, नजर स्थिर, हाकेला ओ नाही. नंतर शांतपणे विचारावं, ‘ऐकू येत होतं का?’ शटडाउनमध्ये पुष्कळदा उत्तर मिळतं, ‘सगळं ऐकू येत होतं, शब्द बाहेर निघत नव्हते.’ भान सुटलं असेल तर त्या वेळेचा तुकडाच गायब असतो, किंवा ते सगळं दुसऱ्याच कोणाला झाल्यासारखं वाटतं. रेघ ठळक नाही, पण विचारायला काही पैसे पडत नाहीत.

आवाजाचंही तसंच. कुकरच्या शिट्टीने दचकणारी दोन माणसं घ्या. एकाला आधी सांगितलं, ‘आता शिट्टी होणार’, तर तो बराच निवांत होतो. त्याला खरी भीती अचानकपणाची असते, आणि आपल्या माणसांत, सुरक्षित वाटणाऱ्या घरात ती आणखी उतरते. दुसऱ्याला आधी सांगूनही शिट्टी दुखतेच, आजोळी दुखते, स्वतःच्या घरीही दुखते. शिवाय त्याला ट्यूबलाइटचा गुणगुणाट, शर्टाच्या कॉलरमधलं लेबल, ताटात आमटीने भाताला शिवणं हेही तितकंच बोचतं, आणि घुमट वाद्याचा नाद किंवा ओल्या वाळूचा स्पर्श विलक्षण आवडतो. नुसता त्रास न बघता आवडही विचारावी, कारण आघाताने माणूस आवाजाला भितो, एखाद्या पोतात तास न् तास रमत नाही. नित्यक्रमातही हेच बघायचं. रात्री तीनदा कडी तपासणारा सुरक्षिततेसाठी तपासतो. रोज त्याच बाकावर, त्याच एसटीने जाणाऱ्याला त्यात सुख असतं, आणि गाडी बदलली तर धोका नसूनही त्याचा दिवस विस्कटतो.

नात्यांच्या बाबतीत आयसीडी-११ ने केलेला भेद कामाचा आहे. कॉम्प्लेक्स पीटीएसडीत स्वतःबद्दलचं मत वाईट पण स्थिर असतं: कालही मी घाण, आजही मी घाण. माणूस जवळीक टाळतो. बॉर्डरलाइनमध्ये ते मत हेलकावे खातं आणि माणूस नात्यात झेप घेतो, मग पोळतो. ऑटिझममध्ये ‘मी कोण’ हा प्रश्न आणखी एका वाटेने येतो. पंधरा-वीस वर्षं दुसऱ्यांची नक्कल करून दिवस काढले, हळदीकुंकवाला काय बोलायचं ते मावशीचं बघून पाठ केलं, ऑफिसात हसायचं कधी ते टीव्हीवरून शिकलं, तर मुखवटा काढल्यावर खाली काय आहे हे खरंच आठवत नाही. तपासणाऱ्याने ‘ओळखीचा गोंधळ’ एवढंच लिहिलं की बॉर्डरलाइनच्या नऊपैकी एक निकष भरतो. स्वतःला इजा, रागाचे भडके, रिकामेपण, हे असेच मूळ न विचारता भरत गेले की पाच व्हायला वेळ लागत नाही, आणि पाचच लागतात. बायकांच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण दवाखान्यांतून बॉर्डरलाइनचं निदान पूर्वापार बायकांनाच जास्त मिळत आलं आणि ऑटिझम मुलग्यांचा मानला गेला. ‘काय वाटतंय ते सांगता येत नाही’ यावरूनही काही ठरवू नये. ऑटिस्टिक माणसांपैकी सुमारे निम्म्यांना ही अडचण असते आणि आघात सोसलेल्यांतही ती भरपूर दिसते.

आता आजीकडे येऊ. ऑटिझमच्या निदानाला बालपणाचा पुरावा लागतोच, आणि तो मिळवताना सगळ्यात जास्त घोळ होतात. ‘लहानपणी नॉर्मल होता का?’ असं विचारलं तर उत्तर ‘होय’ हेच येणार. नेमकं विचारायचं. दीड वर्षाचा असताना होडी दिसली की बोट दाखवायचा का, आणि दाखवून झालं की वळून तुमच्या तोंडाकडे बघायचा का? नुसतं हवी ती वस्तू मिळवण्यासाठी बोट दाखवणं वेगळं. आपल्याला दिसलं ते दुसऱ्यालाही दिसावं म्हणून दाखवणं वेगळं, आणि ऑटिझममध्ये हे दुसरंच उशिरा येतं किंवा येत नाही. भातुकलीत खोटा चहा प्यायची का, की बोळकी आकाराप्रमाणे रांगेत लावायची? मधल्या सुट्टीत कुठे असायची? ‘मैत्रिणी होत्या का’ यापेक्षा हा प्रश्न दहा पटीने बरा, कारण वर्गातल्या सगळ्याच मुली आईच्या लेखी मैत्रिणी असतात. घरात सगळे मालवणी बोलत असताना मूल टीव्हीवरची पुस्तकी मराठी बोलायचं का? उत्तर नॉर्वेत काही ऑटिस्टिक मुलं गावची बोली सोडून प्रमाण भाषा बोलतात असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. आपल्याकडेही विचारून बघण्यासारखं आहे. नजरेचा प्रश्न मात्र जपून विचारावा. वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालायला शिकवलेल्या मुलीची नजर डॉक्टरांसमोर खाली असेल तर ते लक्षण नव्हे, संस्कार आहे. बरोबरीच्या मुलींशी बोलताना काय करते ते विचारा.

आई-बाप मुंबईला आणि मूल गावी आजीपाशी, किंवा आईच नाही, अशी घरं कोकणात थोडी नाहीत. तिथे बालवाडीच्या बाईंना, शेजारच्या काकूंना विचारावं. माता-बाल संरक्षण कार्ड, प्रगतिपुस्तकातले शेरे (‘हुशार पण मिसळत नाही’, ‘स्वतःतच मग्न’) आणि जुन्या लग्नाची सीडी यांतून कधी कधी आईपेक्षा जास्त कळतं. लहानपणी आबाळ झालेल्या मुलांबाबत आणखी एक खाचखळगा आहे. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर रोमानियाच्या अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांच्या गटाने केला. त्यांच्यापैकी काहींत ऑटिझमसारखंच वागणं दिसलं, पण ती मुलं लोकांत रस घेत होती, आणि चांगलं घर मिळाल्यावर काहींचं ते वागणं वयाबरोबर सौम्य झालं. तेव्हा मूल आजोळी की वसतिगृहात, कोणत्या वयात, किती महिने, हे तारखांसकट लिहायचं. मुलांमधला ऑटिझम आणि मायेच्या तुटलेल्या धाग्याचे परिणाम शेजारी-शेजारी ठेवून बघण्यासाठी इंग्लंडमध्ये हेदर मोरान यांनी ‘कोव्हेंट्री ग्रिड’ नावाचा तक्ता २०१० मध्ये केला, तो तपासणाऱ्याने हाताशी ठेवावा. त्यात गुण नाहीत, बेरीज नाही. म्हणूनच तो उपयोगी आहे असं माझं मत.

बेरजांनीच घात होतो. ऑटिझमच्या प्रश्नावल्यांपैकी एक्यू-१० मध्ये सहा आले, आरएएडीएस-आरच्या ८० विधानांत ६५ च्या वर गेलं, म्हणून ऑटिझम ठरत नाही. हे आकडे पीटीएसडी, बॉर्डरलाइन आणि नुसत्या सामाजिक भीतीतही वर जातात, कारण ‘गर्दीत नको वाटतं’ याला सगळेच हो म्हणतात. उलट आपल्याकडची आयएसएए ही ऑटिझम मोजण्याची सरकारी पट्टी. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५, एकूण ७० च्या खाली गेलं तर ‘ऑटिझम नाही’. नीट बोलणारी, शिकलेली, मुखवटा बसवलेली बाई त्यात सहज ७० च्या आत राहते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठीचा हा हिशोब, त्यावरून मोठ्या माणसाचा ऑटिझम नाकारता येत नाही. आघातासाठी आयटीक्यू ही १८ प्रश्नांची प्रश्नावली मला सगळ्यात सरळ वाटते, कारण ती पहिल्या तीन आणि दुसऱ्या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजते. पण ‘त्रास देणारी घटना’ या रकान्यात ऑटिस्टिक माणूस न्हाव्याच्या खुर्चीत धरून केस कापले ते लिहील, आणि तपासणारा हसून पुढे जाईल. हसू नये. डीएसएमच्या व्याख्येत मृत्यूची भीती, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचारच बसतो. मज्जातंतूंना ही व्याख्या ठाऊक नसते.

तपासणीला जाताना एक शंभर पानी वही करावी. पहिल्या दोन पानांवर जन्मापासून आजवरची कालरेषा: वर्ष, वय, कुठे राहायला, कोण सोबत, काय बदललं. पुढे ते पाच-सहा प्रसंग, प्रत्येकी एक पान. मग आजवरच्या सगळ्या गोळ्या, डोस मिलिग्रॅममध्ये, कधी चालू, कधी बंद, काय फरक. फोनवर मिनिटभराचे दोन-तीन व्हिडिओ, माणसाची परवानगी असेल तरच, आणि त्रास चालू असताना तोंडासमोर कॅमेरा धरून तर मुळीच नाही. मुलांसाठी जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र ही पहिली पायरी; राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंत तिथे बघतात. मोठ्यांना रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाला लोक बिचकतात, पण तिथे ओपीडीही चालते. सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातात. मोठ्या माणसाच्या ऑटिझमचं सखोल मूल्यमापन मात्र अजून बहुतेकांना मुंबई किंवा बंगळुरूच गाठायला लावतं. पहाटेची गाडी पकडून, रात्रभर न झोपता पोचलेल्या माणसाची तपासणी त्या दिवशी वाईटच होणार, हे तपासणाऱ्याने गृहीत धरावं. ऐन संकटात, आत्महत्येचे विचार चालू असताना, व्यक्तिमत्त्व विकार ठरवायचाच नाही. तेव्हा आधी जीव. १४४१६ वर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मराठीत बोलते. आयसीडी-११ प्रमाणे व्यक्तिमत्त्वातली अडचण साधारण दोन वर्षं तरी टिकून असायला हवी.

खोलीत काका, भाऊ, सासू सगळे असताना आघाताबद्दल विचारणं म्हणजे न विचारण्यासारखंच. दहा मिनिटं एकटं बोलायला मिळावं असं पेशंटनेच सांगितलं तर उत्तम, नाहीतर डॉक्टरांनी घरच्यांना केसपेपर काढायला पाठवावं. पहिल्या भेटीत तपशील उकरायचे नाहीत, प्रकार आणि वय एवढं पुरे. पेशंट १८ च्या आतला असेल आणि लैंगिक अत्याचार समोर आला तर पॉक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे त्याने तोंड उघडण्याआधी सांगावं. नंतर सांगितलं तर तो पुन्हा कोणाशी बोलणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर उपचार वेगळे आहेत आणि चुकीचा उपचार नुकसान करतो. आघातात टाळलेल्या गोष्टीला हळूहळू सामोरं जाणं हे औषध आहे. तेच ऑटिस्टिक माणसावर आवाजासाठी लावलं, ‘रोज थोडा वेळ झांजांसमोर बस, सवय होईल’, तर सवय होत नाही, मुखवटा जाड होतो आणि शेवटी माणूस कोसळतो. त्याला इयरप्लग, ठरलेली खोली आणि ‘आरतीला पाच मिनिटं येऊन जा’ एवढी मोकळीक द्यायची. बॉर्डरलाइनसाठीची डीबीटी (भावना आवरायची कौशल्यं शिकवणारा, गोळ्यांशिवायचा उपचार) साधारण वर्षभर चालते, दर आठवड्याला एक वैयक्तिक सत्र आणि दोन-अडीच तासांचा गट. ऑटिस्टिक माणसालाही तिचा उपयोग होऊ शकतो, पण गटाची गर्दी, उपमांनी भरलेली भाषा आणि ‘चेहरा बर्फाच्या पाण्यात बुडव’ सारखं कौशल्य त्याला आहे तसं दिलं तर तो तिसऱ्या आठवड्यात येणं बंद करतो, आणि फाईलवर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो. मग तो शेराही व्यक्तिमत्त्व विकाराचा पुरावा म्हणून वाचला जातो.

गोळ्यांचं थोडक्यात. बॉर्डरलाइनवर खास मंजूर झालेलं एकही औषध नाही. पीटीएसडीसाठी अमेरिकेत सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन मंजूर आहेत. रिस्पेरिडोन आणि अॅरिपिप्राझोल ऑटिस्टिक मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी आहेत, ऑटिझमसाठी नव्हे, आणि रिस्पेरिडोनने वजन चांगलंच वाढतं. तीन निदानांच्या मागोमाग तीन डॉक्टरांच्या गोळ्या एकावर एक चढलेल्या असतील तर एकाच डॉक्टरांसमोर सगळ्या पट्ट्या ओताव्यात आणि कुठली का चालू आहे ते एकेक करून विचारावं. मनाने एकही बंद करू नये.

आणि एकच निदान निघेल असा आग्रहही नको. ऑटिस्टिक मूल शाळेत वर्षानुवर्षं छळलं जातं, त्याला खरा पीटीएसडी होऊ शकतो. कॉम्प्लेक्स पीटीएसडी आणि बॉर्डरलाइन नमुना दोन्ही एकत्र लिहायला आयसीडी-११ ची मनाई नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच की आधी कशावर काम करायचं. सहसा झोप, सुरक्षितता आणि आवाज-उजेडाचा बंदोबस्त आधी, कारण ज्याच्या कानांत अजून झांजा वाजतायत त्याच्याशी आघाताचं बोलणं होत नाही. चिठ्ठीवर निदानापुढे ‘तात्पुरतं’ लिहून घ्यावं, कोणत्या निकषांवर लिहिलं ते वहीत टिपावं, आणि पुन्हा तपासण्याची तारीख मागून घ्यावी, सहा महिन्यांनंतरची, चतुर्थी आणि शिमगा टाळून.